मानस

आमच्या चोडणला मानस म्हणजे मन नव्हे.
मानस म्हणजे बांधातलं दार,
मट्टीच्या लाकडाचं, वरून टांगलेलं.
भरती आली की पाणीच ते ढकलून लावतं,
ओहोटीला पाणीच उघडतं.
कुणाचा हात लागत नाही.
लहानपणी मला वाटायचं, माणसांचंही असंच असणार.

दार कुजायला लागलं त्याला सात वर्षं झाली.
खालच्या फळीला भोक पडलं,
आधी बोट जाईल एवढं, मग मूठ.
दुलबादादाने गोणपाट कोंबलं,
गोणपाटावर चिखल,
आणि शेवटी निवडणुकीचा फ्लेक्स,
ज्यातला उमेदवार हात जोडून
खाऱ्या पाण्यात उभा राहिला दोन वर्षं.

भौसाच्या बैठकीत दर मे महिन्यात विषय निघायचा.
आनाक्लेत म्हणायचा, दार बदलूया.
सगळे म्हणायचे, बदलूया.
मग चहा यायचा.
विरोध कुणीच केला नाही, याचीच मला आता भीती वाटते.
विरोध असता तर भांडण पेटलं असतं,
भांडणापायी का होईना, सुतार आला असता.

दादा म्हणायचा, ठिगळाची सवय आहे मला.
कुठून गळतं ते ठाऊक आहे.
नव्या दाराचं काय ठाऊक?

मी हसले होते.
हसता हसता ऑफिसातला माझा खण आठवला,
आणि त्यातलं बढतीचं पत्र. काणकोणला बदलीसकट.
पहिल्यांदा आईचं दुखणं होतं.
दुसऱ्यांदा कारण कुणी विचारलंच नाही.
मी तयार करून ठेवलेलं तसंच राहिलं,
अजून आहे,
घडी न मोडलेलं.

पूर आला म्हणून दार बदललं, असं सांगायला बरं वाटेल.
पण शेत तर केव्हाच खारावलं होतं.
कोरगुट गेलं, आम्ही दुकानातले तांदूळ आणले,
पिशवीवर कमळाचं चित्र असलेले,
आणि चार दिवसांत त्यांनाच आपले म्हणू लागलो.
माणूस कशालाही आपलं म्हणतो.

मग एका सकाळी शालनवहिनीने दादाला पेज वाढली.
त्याने दोन घोट घेतले.
ती म्हणाली, मीठ कसं आहे?
बरोबर आहे, तो म्हणाला.
ती म्हणाली, मीठ मी घातलेलंच नाही.

विहीर आमच्या परसात, बांधापासून शंभर पावलांवर.

दादा बराच वेळ वाडग्यात बघत राहिला.
उठला तो तसाच, हात न धुता,
आनाक्लेतच्या बल्कांवात जाऊन उभा.
त्याने काय सांगितलं कुणास ठाऊक.
अवसेच्या ओहोटीला सहा माणसं कमरेएवढ्या चिखलात होती.

जुनं दार वहिनीने कपडे आपटायला घेतलं.
उमेदवार ओहोटीबरोबर निघून गेला.
तसा तो आधीच दुसऱ्या पक्षात गेला होता,
बदल त्याला कधी जड गेला नाही.

आणि नवं दार गळायला लागलं.
एका भोकातून नव्हे, सगळ्या सांध्यांतून.
दादा बांधावर बसून शिव्या देत होता,
याच्यापेक्षा जुनं बरं गळत होतं!
आनाक्लेत विडी विझवत म्हणाला,
लाकूड आहे, बाबा.
पाणी पिईल, फुगेल, मग सांधे मिटतील.
तोवर गळू दे.

रोज रात्री मी टॉर्च घेऊन जाते.
वाकून सांध्यावर बोट ठेवते.
परवा धार लागत होती.
आज नुसतं ओलं झालं.

पहिली फेरीबोट पहाटेची,
पलीकडून पणजी, पणजीहून काणकोणची बस.
वेळा एका जुन्या पावतीच्या मागे लिहून ठेवल्यात.
अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दादा विचारतो, रोज रात्री तिकडे काय करतेस गं?

म्हटलं, गळतंय का बघते.